हेडसेटची खरखर आणि सरांची टाळी

आमच्यातले दोघं कुठंही भेटले, लग्नाच्या पंगतीत म्हणा किंवा दसरा चौकात सिग्नलला म्हणा, पहिलं वाक्य ठरलेलं असतं. "काय दिलीप, हेडसेट बरा हाय का?" मग एक किस्सा निघतो, त्याला लागून दुसरा. असे किस्से कुणी मुद्दाम गोळा करत नाही. कपाटातल्या जुन्या वायरींसारखे ते आपोआप साठतात आणि एक ओढली की सगळा गुंता हातात येतो. ऐकणारे हसतात, आम्हीही हसतो. फक्त शेवटच्या किश्श्यापाशी आलो की अक्का चहा ठेवायला आत जातात आणि तानाजीराव खिडकीबाहेर बघत बसतात.

शेवटचा आधी सांग म्हणणाऱ्यांना मी तो सांगतच नाही. क्रमानं ऐकायची तयारी असेल तर बसा.

दोन हजार साल उलटून पाच-सहा वर्षं झाली होती. राजारामपुरीत सुशीलाअक्कांच्या घरामागं एक खोली होती. अक्का निवृत्त हेडमिस्ट्रेस, माहेर निपाणीकडचं, घरात कन्नड आणि दारात मराठी. ज्या मुलामुलींना डोळ्यांनी दिसत नाही त्यांची अभ्यासाची पुस्तकं त्या खोलीत मोठ्यानं वाचून रेकॉर्ड करायची आणि सीडी करून द्यायची, एवढाच आमचा उद्योग. वाचणारे तिघं. स्वतः अक्का, त्यांच्याच शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले शेटे सर आणि दूध संकलन केंद्रावर काम करणारे तानाजीराव.

मी चौथा. इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब असिस्टंट होतो. पहिल्या दिवशी हौसेनं एक पान वाचलं, तर सरांनी शांतपणे पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. "दिलीप, तू मशीन सांभाळ."

मशीन म्हणजे एका ऑफिसनं टाकून दिलेला कॉम्प्युटर. त्यावर लिनक्स टाकायचा हट्ट माझा. जुन्या मशीनला दुसरं काही झेपलंही नसतं. त्याचं माइक लावायचं भोक मेलेलं होतं, म्हणून यूएसबीचा हेडसेट आणला. भिंतींना जुन्या गाद्या टांगल्या आणि झाला आमचा स्टुडिओ!

*

पहिलंच रेकॉर्डिंग सरांचं. सर दीड तास वाचत होते. पाणी नाही, थांबणं नाही, पुस्तकाच्या पानाचा आवाज नाही. मी शेजारी बसून पडद्यावर हलणारी रेघ बघत होतो आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होतो.

संपल्यावर लावून बघितलं तर फक्त सूंऽऽ असा आवाज. दीड तास सूंऽऽ!

झालं होतं असं, की कॉम्प्युटरच्या हिशेबी साऊंड कार्ड दोन होती. एक त्याचं स्वतःचं, मेलेल्या भोकाचं. दुसरं हेडसेटचं. आणि रेकॉर्डिंग मेलेल्या भोकातून चाललं होतं. हलणारी रेघ होती ती नुसत्या घरघरीची.

मला वाटलं, आता सर चिडणार. चाळीस वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस! त्यांनी चष्मा पुसला, पुस्तक पुन्हा पहिल्या पानावर उघडलं आणि म्हणाले, "बरं झालं. तिसऱ्या पानावर माझं एक नाव चुकलं होतं."

*

चुकण्यावरून सांगतो. वाचताना चूक झाली तर काय करायचं, याचा नियम सरांनी घालून दिला होता. चुकलं की एक टाळी वाजवायची आणि ते वाक्य पहिल्यापासून वाचायचं. मधूनच जोडायचं नाही. वर्गात पोरांना ते असंच वाचायला लावायचे. मला तर हा नियम फारच सोयीचा पडला, कारण पडद्यावर बोलणं दिसतं बुटक्या गवतासारखं आणि टाळी दिसते मध्येच खांब रोवल्यासारखी. खांब दिसला की तिथं जायचं, चुकलेलं वाक्य कापायचं, टाळी कापायची, पुढं जायचं.

पण कापायचं काम करणारा मी! टाळ्या राहून जायच्या. मग हुपरीहून, वाचणाऱ्यानं म्हटलेल्या पानाच्या आकड्यासकट, शालनचा निरोप यायचा.

शालन म्हणजे आमची सगळ्यात कडक गिऱ्हाईक. वय तेवीस-चोवीस, जन्मापासून दृष्टी नाही, बाहेरून बी.ए. करत होती. घरात पैंजण करण्याचा व्यवसाय. घुंगरू कानाशी धरून हलवायचं आणि मुकं निघालं तर बाजूला टाकायचं, हे काम घरात तिच्याइतकं कुणाला जमत नसे. तिचा थोरला भाऊ माल घेऊन गुजरीत, सराफांच्या बाजारात, यायचा, तोच आमच्या सीड्या घेऊन जायचा आणि निरोप आणायचा.

"पान बावीस, टाळी र्‍हायलीया. तानाजीरावांची."

टाळी कुणाची हेसुद्धा तिला कळायचं! तानाजीरावांची म्हणे म्हशीच्या पाठीवर थाप मारल्यासारखी. अक्कांची दबकी. आणि सरांची तीन बोटांची, तळहातावर, कोरडी. मी खात्री करून बघितली, सर खरंच तीन बोटांनी टाळी वाजवायचे. इतकी वर्षं डोळे असून मला ते दिसलं नव्हतं.

*

तानाजीरावांचा आवाज हे एक वेगळंच प्रकरण. पहाटे केंद्रावर शंभर माणसांत नावं पुकारायची सवय. ते माइकसमोर "प्रस्तावना" म्हणाले आणि हेडसेटमध्ये भांडी पडल्यासारखा आवाज आला. एकूण एक शब्द फुटलेला.

मी आठ दिवस त्यांना छळलं. हेडसेट टेबलावर ठेवून लांब बसवलं, माइकची दांडी हनुवटीखाली वळवली, हळू वाचा म्हणालो. हळू वाचायला लागले की त्यांना अर्थच लागेना. शेवटी ते उठून उभे राहिले.

"आरं लेका, ते मशीनमधलं बटण खाली कर की! मला का खाली करतोस?"

आणि खरंच, मिक्सर, म्हणजे आवाजाची मापं लावायची खिडकी, उघडून बघितला तर माइकचं माप शंभरावर होतं. वरून आवाज आपोआप वाढवणारी एक खूण चालू. तानाजीराव दम घ्यायला थांबले की मशीन समजायचं माणूस गप्प आहे, आणि कान आणखी मोठे करायचं. त्यात पुढचा शब्द आदळायचा. पडद्यावरच्या आवाजाच्या लाटेचं डोकंच छाटलं जायचं. ती खूण काढली, माप पस्तिसावर आणलं आणि तानाजीराव तानाजीरावांसारखे वाजायला लागले. मी माफी मागितली तर म्हणाले, "राहू दे. दूध कमी भरलं की आमच्यात बी आधी म्हशीलाच बोल लावत्यात."

*

अक्कांच्या रेकॉर्डिंगमध्ये टिक् टिक् यायचं. एकसारखं नाही, मधूनच. मी यूएसबीचं भोक बदललं, पुढचं सोडून मागचं घेतलं, वायर बदलली, अर्थिंग तपासलं. दोन आठवडे. दरवेळी ठासून सांगायचो, "अक्का, आता गेलं बघा."

तिसऱ्या सीडीनंतर शालनचा निरोप आला. "अक्कास्नी सांगा, बांगड्या काचंच्या हायत, उजव्या हातात दोन जास्ती हायत."

आम्ही सगळे अक्कांच्या हाताकडे बघायला लागलो. अक्कांनीही बघितलं. अक्कांचे यजमान त्या वेळी अंथरुणाला खिळलेले होते, पुढच्या खोलीत. "काढून ठेवा की जरा वेळ," असं तानाजीराव बोलून गेले आणि लगेच जीभ चावली.

अक्का उठून आत गेल्या. आल्या तेव्हा यजमानांचा लोकरीचा मफलर दोन्ही मनगटांना गुंडाळलेला होता. एका हाताचं टोक दुसऱ्या हातापर्यंत. "त्यांनीच गुंडाळून दिला," म्हणाल्या, "आता वाचते." त्या दिवसापासून टिक् बंद. यजमान गेल्यावरही अक्का तो मफलर गुंडाळूनच वाचत राहिल्या. हातात बांगड्या असोत नसोत.

या किश्श्यावर मी पूर्वी हसायचो. आता कमी हसतो. कारण त्यात मला एक धडा मिळाला होता आणि तो मी घेतला नाही.

*

शालनचं शेवटचं वर्ष आलं. इतिहासाचं जाड पुस्तक, चौदा प्रकरणं. सर म्हणाले, "हे सगळं मी वाचणार." तिच्या पेपरांचं वेळापत्रक त्यांनी स्वतःच्या अक्षरात लिहून कॉम्प्युटरच्या वर गादीला टाचणीनं लावलं. इतिहास, बुधवार, साडेदहा. त्याखाली रेघ ओढलेली.

संक्रांत झाली असेल. सातव्या प्रकरणाची सीडी घेऊन गेलेला भाऊ निरोप घेऊन आला. "सरांच्या आवाजात खरखर हाय म्हणती. पाचव्या धड्यापासनं."

मी लावून ऐकलं. होती. बारीक, शब्दाच्या शेवटाला.

मग काय, मी शड्डू ठोकून उतरलो! मिक्सरचं माप खाली-वर केलं. हेडसेट सेकंदाला किती वेळा आवाज मोजतो आणि लिनक्स किती वेळा मोजतं, ते जुळवलं. लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, नवा चढवला. यूएसबीच्या वायरींचा मधला फाटा, हब, काढून टाकला. शेवटी नवा हेडसेट आणला. आणि प्रत्येक बदलानंतर सरांना बसवायचो, "सर, जरा टेस्ट."

टेस्टला सर एकोणतीसचा पाढा म्हणायचे. एकोणतीस एके एकोणतीस. दिवसातून चार-चार वेळा. कधी तक्रार नाही. पाढा संपला की माझ्याकडे बघायचे आणि मी मान हलवायचो. "अजून आहे सर. पण उद्या काढतोच."

त्याच हेडसेटवर तानाजीराव स्वच्छ येत होते. अक्का स्वच्छ येत होत्या. हे मला दिसत होतं. पण मी म्हणायचो, सरांचा आवाज खर्जातला आहे, त्या पट्टीलाच मशीन अडतंय. काय काय कारणं शोधली मी! माणूस आपल्या हुशारीला इतका चिकटतो की समोरचं त्याला दिसत नाही. तीन आठवडे गेले, त्यात एकच प्रकरण झालं, आठवं. ते तीन आठवडे मला आजही कुणी परत आणून देणार नाही.

एके दिवशी भावाबरोबर शालनच आली. हुपरीची एस.टी. उशिरा पोचली होती आणि ती उन्हानं लाल झाली होती. पाणीसुद्धा न घेता सरांच्या समोरच्या खुर्चीवर बसली.

"सर, डोक्यावरचं ते काढा की. आन् असंच वाचा."

सरांनी हेडसेट काढला आणि नववं प्रकरण उघडून अर्धं पान वाचलं. शालन मान खाली घालून ऐकत होती. घुंगरू ऐकायची तशीच, एक कान पुढं करून. मग म्हणाली, "दिलीपदादा, मशीनमधी काय न्हाय." आणि सरांकडे तोंड करून अगदी हळू विचारलं, "सर, डॉक्टरला दाखवलंसा का?"

सरांनी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं.

*

मिरजेच्या डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. गाठ स्वरयंत्रात आहे, पसरण्याआधी स्वरयंत्र काढावं लागेल. जीव वाचेल, आवाज नाही. नऊ दिवसांनी दाखल व्हायचं ठरलं.

सर दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळी खोलीवर हजर! अक्का दारातच उभ्या राहिल्या. "सर, हे बरं न्हवं. घशाला विश्रांती द्या."

"डॉक्टरांना विचारलंय. वाचल्यानं वाढत नाही, आणि न वाचल्यानं राहत नाही." सरांनी चप्पल काढली. "जायचाच आहे तर वापरून जाऊ दे की, अक्का."

नऊ दिवसांत चार प्रकरणं झाली. नऊ, दहा, अकरा, बारा. खरखर वाढत गेली. ती काढायची सोय माझ्याकडे होती, एक फिल्टर लावला की आवाज गुळगुळीत झाला असता. मी लावला नाही. तेरा आणि चौदा राहिली.

शेवटच्या दिवशी बाराव्याची शेवटची ओळ वाचून त्यांनी हेडसेट काढला, वायरीची नीट गुंडाळी केली आणि माझ्या हातात दिली. मला काहीतरी बोलायचं होतं. मी म्हणालो, "सर, आज माप चाळिसावर ठेवलं होतं." ते म्हणाले, "छान."

मी त्यांच्या तोंडून ऐकलेला तो शेवटचा शब्द.

*

ऑपरेशन चांगलं झालं. पण त्या चार प्रकरणांच्या सीड्या शालनच्या भावानं परत आणून दिल्या. न उघडलेल्या.

"शाली ऐकत न्हाय," तो म्हणाला. "माझ्यापायी सरांचा गळा गेला म्हणती. परीक्षा बी देणार न्हाय म्हणती. आईनं सांगितलं, मी सांगितलं. घुंगरं निवडत बसती, बोलत न्हाय."

अक्का स्वतः हुपरीला जाऊन आल्या. दुखणं आधीपासूनच होतं, वाचनानं झालं नाही, असं परोपरीनं समजावलं. शालन म्हणाली, "मला बरं वाटावं म्हणून सांगतायसा, अक्का. सरांनी सांगितलं तर ऐकंन."

मार्चच्या मध्याला सर खोलीवर आले. गळ्याला पांढरा रुमाल, हातात शाळेतल्यासारखी पाटी आणि पेन्सिल. आम्ही सगळं सांगितलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "दुखणं दिवाळीपासून होतं. मीच लपवलं. तिला सांगा." खाली सही केली, जणू दाखला देतायत.

सरांना बोलता येत नव्हतं आणि शालनला पाटी दिसत नव्हती. दुसऱ्या कुणाच्या तोंडून ती ऐकणार नव्हती. तानाजीराव एवढा मोठ्या आवाजाचा माणूस, पण त्यांनीही नुसता डोक्यावरून हात फिरवला.

सरांनी पाटी पुसली. पुस्तक घेतलं, तेरावं प्रकरण उघडलं आणि ते अक्कांसमोर नाही, तानाजीरावांसमोर नाही, माझ्यासमोर ठेवलं. माझ्या! मी हात जोडले. "सर, माझं वाचन तुम्हाला माहीत आहे." त्यांनी हेडसेट उचलून माझ्या डोक्यावर घातला आणि खुर्ची ओढून शेजारी बसले.

मी वाचायला लागलो. पहिल्याच ओळीत 'सरंजामशाही' अडखळलं. टाळी. तीन बोटांची, कोरडी. वाक्य पहिल्यापासून. दुसऱ्या परिच्छेदात श्वास चुकला. टाळी. एका नावापाशी तर लागोपाठ तीन वेळा. मला घाम फुटला, पण सर हलेनात. चार दिवस लागले दोन प्रकरणांना. मग कापाकापी करायला बसलो. तेराव्यातले टाळ्यांचे खांब मोजून ठेवले होते. सगळे काढले. एक राहिला. राहिला म्हणजे राहिला.

तेरा आणि चौदाची सीडी भावाकडे दिली. "आधीच्या चार बी परत घेऊन जा," अक्का म्हणाल्या. "ऐकली तर ऐकली."

*

परीक्षा चार दिवसांवर आली तरी हुपरीहून काही कळलं नव्हतं. आम्ही चौघं खोलीत होतो. अक्कांचा फोन जुना, रिसीव्हरमधलं बोलणं शेजारी बसलेल्यालाही ऐकू जायचं. घंटा वाजली, मी उचलला.

"दिलीपदादा, शालन बोलतीया."

"बोल की."

"तेराव्या धड्यात एक टाळी र्‍हायलीया."

"बरं. काढतो. नवी सीडी देतो पाठवून."

"नगं. काढू नगा."

मागं घुंगरांचा आवाज येत होता.

"सर शेजारी बसलते व्हय?"

"व्हय. चारी दिवस."

सर तोवर उठून माझ्याजवळ आले होते. रिसीव्हर मी आम्हा दोघांच्या मध्ये धरला.

"दादा, सरांस्नी सांगा," शालन म्हणाली, "पेपर बुधवारी हाय. अकराला जाऊन बसती."

सरांनी गादीवर टाचलेल्या कागदाकडे, साडेदहाखालच्या रेघेकडे बघितलं. मग रिसीव्हरजवळ दोन्ही हात नेले आणि एक टाळी वाजवली.

पलीकडची घुंगरं थांबली.

मग शालननं ते वाक्य पहिल्यापासून म्हटलं. "दादा, सरांस्नी सांगा, पेपर बुधवारी हाय. साडेधाला जाऊन बसती."